बेसिनच्या पाइपातला पठ्ठ्या

२ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. इतिहास घडतो तेव्हा कुणीतरी लिहून ठेवायला हवं. आमच्या कारखान्यात लिहिता येणारे सगळे मीटिंगमध्ये असतात.

मी औषध कारखान्याच्या सांडपाणी प्लँटचा ऑपरेटर. एकोणीस वर्षं. दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे सांधेदुखीची नवी गोळी सुरू झाली. त्यातलं डायक्लोफेनॅक हे औषध मशिनं धुण्याच्या पाण्यातून माझ्या टाकीत येतं. टाकीतले जिवाणू बाकीची घाण मिटक्या मारत खातात. याला मात्र तोंड लावत नाहीत. लाडावलेली कार्टी. मी त्यांना ताकद यावी म्हणून रोज पोतंभर साखर देतो, तरी नाही.

पाण्यातल्या औषधाचा आकडा साठ. लिमिट दहा. १० एप्रिलला तपासणी अधिकारी येणार. आकडा उतरला नाही तर प्लँटला कुलूप. साहेब कोळशाचा मोठा फिल्टर मागवायला निघालेत. मी मनात म्हटलं, थांबा.

संकल्प : एन्झाइमच्या पुस्तकाची रोज दहा पानं. आणि यश हाती येईपर्यंत कुणालाही अवाक्षर सांगायचं नाही.

संध्याकाळी ७
बायकोला सांगितलं. तिला ‘कुणालाही’मध्ये धरत नाहीत.

३ मार्च, मंगळवार
कल्पना अशी. सासरे सहा वर्षं गुडघ्याला मलम चोळतात आणि हात आमच्या बेसिनमध्ये धुतात. मलमात हेच औषध. म्हणजे पाइपातल्या बुळबुळीतले जिवाणू सहा वर्षं त्यावरच जगतायत! त्यांच्याकडे ते औषध तोडणारी एन्झाइम असणारच. एन्झाइम म्हणजे जिवाणूची कात्री. मोठ्या रेणूचे तुकडे करते, मग जिवाणू ते तुकडे खातो. (पुस्तक, पान ४. बाकीची सहा पानं उद्या.)

पाइप उघडून चमचाभर बुळबुळीत काढली. सासऱ्यांनी विचारलं, जावईबापू, अंगठी पडली का? मी हो म्हटलं. ते तासभर माझ्याबरोबर अंगठी शोधत बसले.

औषधाच्या पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या. एकीत बुळबुळीत, ती खिडकीत. दुसरी नुसती, तुलनेसाठी. ती कपाटात, म्हणजे गोंधळ नको. वैज्ञानिक शिस्त.

६ मार्च, शुक्रवार
दोन्ही बाटल्या लॅबमधल्या केमिस्ट बाईंकडून तपासून घेतल्या. कपाटातली साठ. खिडकीतली एकोणीस!!

जिवाणूचं नाव ठेवलं : पठ्ठ्या. शास्त्रीय नावात माझं आडनाव येईल असं बघायचं. बायकोचं म्हणणं, बेसिन तिच्या वडिलांच्या मलमाचं, तेव्हा आडनाव तिच्या माहेरचं हवं. या घरात संशोधनाला वातावरण नाही.

पुस्तक : प्रत्यक्ष प्रयोग चालू असताना पुस्तकाची गरज नसते.

९ मार्च, सोमवार
साहेबांना सांगितलं. (संकल्पाला अपवाद. यश जवळपास हातातच आहे.) त्यांनी विचारलं, खात्री आहे ना? मी म्हटलं, शंभर टक्के. त्यांनी फिल्टरची ऑर्डर थांबवली.

केमिस्ट बाई मध्येच म्हणाल्या, अजून दोन-तीन वेळा करून बघा. बाई हुशार आहेत, पण स्वभाव घाबरट.

घरी दहा बादल्यांत साखरेच्या पाण्यावर पठ्ठ्याची फौज वाढवतोय. आंघोळ शेजाऱ्यांकडे.

११ मार्च, बुधवार
बायकोने बेसिन तुंबलं म्हणून पाइपात ती जळजळीत पावडर ओतली. पठ्ठ्याचं मूळ गाव बेचिराख. मी दिवसभर बोललो नाही. तिच्या ते संध्याकाळी लक्षात आलं.

१४ मार्च, शनिवार
दहाही बादल्या कंपनीच्या टेंपोतून प्लँटवर. टाकीत ओतल्या. पाहुण्यांना परकं वाटू नये म्हणून वर चार पोती साखर. छोटं भाषण केलं. ऐकायला पंपवाला होता. तो म्हणाला, डबा खायला जाऊ का?

१६ मार्च, सोमवार
टाकीवर थोडा फेस आलाय. फेस हे जिवंतपणाचं लक्षण.

दुपारी १२
फेस टाकीबाहेर आला. जिवंतपणा जास्त आहे.

दुपारी ३
फेस साहेबांच्या गाडीपर्यंत पोचला. गाडी प्लँटजवळ लावायचीच कशाला? वास मात्र आहे, नाकारत नाही. बाईंनी पाण्यातला ऑक्सिजन मोजला. म्हणाल्या, इतक्या साखरेवर सगळे जिवाणू तुटून पडले आणि होता नव्हता तो ऑक्सिजन संपवला. निम्मे गुदमरून मेले. औषधाचा आकडा? एकसष्ट.

एक वाढला तो मशिनच्या चुकीमुळे.

१७ मार्च, मंगळवार
बाईंनी विचारलं, घरच्या बाटल्या कुठे ठेवल्या होत्या? सांगितलं. त्यांनी लॅबच्या गच्चीवरची बाटली दाखवली. शुक्रवारपासून उन्हात ठेवलेली. आत फक्त औषधाचं पाणी, जिवाणू एकही नाही. आकडा अठरा.

“हे औषध उन्हानं तुटतं,” त्या म्हणाल्या. “तुमच्या पठ्ठ्यानं काही खाल्लेलं नाही.”

मी विचारलं, मग उन्हाचा शोध माझ्या नावावर लावता येईल का? त्या बाटली धुवायला निघून गेल्या.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही. त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाले, फिल्टर आता मे महिन्याशिवाय मिळत नाही, तपासणी दहाला आहे, दोनशे माणसांचं काम अडकलंय. तुम्ही तीन आठवडे रजा घ्या.

एकोणीस वर्षांत मी एकही मोठी रजा घेतली नव्हती. घरी आलो तर बायकोने चहा ठेवला. सासऱ्यांनी नवी अंगठी आणली होती, माझ्या मापाची. मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि अंगठी घातली.

२५ मार्च, बुधवार
रजा. घरातले नळ तपासले. सगळे ठीक होते. आता दोन गळतात.

९ एप्रिल, गुरुवार
उद्या तपासणी. न राहवून बाईंना फोन केला.

आकडा सात.

मला वाटलं सत्तर. परत विचारलं. सात. फिल्टर नाही, नवे जिवाणू नाहीत. टाकीतलेच, जुने. बाई म्हणाल्या, औषध तोडायचं एन्झाइम बनवायला जिवाणूंना कष्ट पडतात. साखर मिळत असेल तर ते कशाला त्या फंदात पडतील? तीन आठवडे साखर बंद झाली, उपासमार झाली, तेव्हा झक मारत शिकले.

म्हणजे शिस्त लागली. शिस्त लावणारा काही काळ दूर गेल्यावरच तिचं फळ दिसतं. हे मी साहेबांना सविस्तर पटवून देणार आहे. मुद्दे काढलेत, एकूण चौदा.

१० एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ५.३०
साहेबांचा फोन आला. तपासणी पास. आवाजात आनंद मावत नव्हता. मुद्दा क्रमांक एक सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात त्यांनी माझी रजा आणखी दोन महिने मंजूर झाल्याचं कळवलं.

मी अर्ज केला नव्हता.