रसेलचं चामडी हेल्मेट

केडरफर्ड, ओहायो
४ सप्टेंबर १९६१

ती. व्हर्नाताईस ओरिनचा सा. न. वि. वि.

इकडे ठीक. कॉलेजात फुटबॉलचा सराव सुरू झालाय, माझ्या सामानखोलीत पाय ठेवायला जागा नाही. यंदाची हेल्मेटं निळी, मधोमध पांढरा पट्टा, तोंडापुढे दोन दांड्या. पोरं आरशापुढून हलत नाहीत. नवऱ्या मुली बऱ्या!

अध्यक्षांना काचेचं कपाट मांडायचंय. आधी चामडी हेल्मेट, मग प्लॅस्टिकचं, मग आकडा रंगवलेलं, मग एका दांडीचं, असं ओळीने. चामडी म्हणून रसेलचं मागतात. तुझ्या लेकाचं, तुला विचारल्याशिवाय कसं देऊ? पेटीतून काढल्यापासून मागे कुणी हनुवटीचा पट्टा आवळल्यासारखं ऐकू येतं. वळून बघतो, कुणी नसतं.

लोभ आटू देऊ नकोस.
ओरिन


टोलेडो
९ सप्टेंबर

चि. ओरिनला आशीर्वाद.

उंदीर असतील, मांजर पाळ म्हणून दहा वर्षं सांगतेय. पण रसेल गेला तेव्हा हेल्मेट हरवलं असं तूच म्हणाला होतास. मग तेवीस वर्षं ते तुझ्या पेटीत कसं? खरं लिही.

ताई


केडरफर्ड
१३ सप्टेंबर

ती. ताईस,

हरवलं नव्हतं, मी लपवलं. त्या शनिवारी सामन्याआधी तो आला. मामा, आतलं अस्तर सुटलंय म्हणाला. आज भागव रे, सोमवारी शिवून देतो, असं मी म्हणालो. वरच्या फळीवर दुसरं होतं गं. शिडी आणायचा कंटाळा केला. मध्यंतरानंतर तो पडला.

पुढचं प्रत्येक जाड हेल्मेट मी भांडून आणलं. लोक दूरदृष्टी म्हणतात. मला प्रत्येकात त्याचंच डोकं दिसतं.

माफी मागायला तोंड नाही.
ओरिन


टोलेडो
१८ सप्टेंबर

चि. ओरिनला आशीर्वाद.

मला ठाऊक होतं. दवाखान्यात थोडा वेळ शुद्धीवर आला तेव्हा रसेलनेच सांगितलं. मामाला बोलू नकोस, तो जेवायचा नाही, असंही म्हणाला. मी गप्प राहिले. त्याचा शब्द पाळतेय असं वाटायचं. खरं तर राग जपत होते. दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला तू दारातूनच परत जायचास, मी कधी आत ये म्हटलं नाही. ते माझं चुकलं.

हेल्मेट दे. पण अस्तर शिवू नकोस. सुटलेली बाजू पुढे करून ठेव, आणि खाली चिठ्ठीवर, काय घडलं ते तुझ्या हाताने लिही.

मी शुक्रवारच्या बसने येते. तू लिहिशील तेव्हा शेजारी बसेन. एखादं वाक्य गाळलंस, तर हात धरेन.

तुझी,
ताई