आईच्या खुर्चीत

अल अझीझिया, दोहा
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय हजराभाभी,

अस्सलामु अलैकुम.

तुमच्या अब्बांच्या डोळ्यावरची पट्टी सुटली हे ऐकून बरं वाटलं. इथे सगळे ठीक. भाईची ड्यूटी सध्या मुशैरिबला आहे. माहिरा चपाती खाते, भाजीला हात लावत नाही. व्हॉइस नोट तुमच्याकडे सगळं घर ऐकतं, म्हणून हे पत्र उद्या तिकडे येणाऱ्या अबूबकरमामूंच्या हाती देते आहे. एकट्याच वाचा.

माहिराच्या पहिलीचं बोलायचं आहे. अब्बांच्या ऑपरेशनसाठी माहेरी निघताना तुम्ही म्हणालात, "घराजवळचीच शाळा राहू दे. ताप आला तर मी पायी जाऊन आणीन." मीही तेच म्हणत होते. मी त्याच शाळेत शिकवते. शेजारपाजारची मुलं एकत्र शिकावीत, परीक्षा घेऊन निवडक मुलं उचलणाऱ्या शाळांच्या मागे लागू नये, हे मी किती जणांना ऐकवलं असेल. मग दोहाबाहेर, उम्म सलाल मोहम्मद भागातल्या नव्या शाळेची लायब्ररी पाहिली. तिथे वर्गात बावीस मुलं, माझ्या वर्गात एकेचाळीस. भाईला विचारलं तर म्हणाला, "तू शिकलीस, तूच बघ."

मी फॉर्म भरला. तुम्हाला विचारलं नाही.

परीक्षा माहिराने छान दिली. नंतर आईवडिलांची मुलाखत होती. भाई आणि माहिराबरोबर मी आत गेले. तिथल्या बाई "मदर, प्लीज" म्हणाल्या, खुर्ची दाखवली, आणि मी बसले. मी आई नाही, भाईची बहीण, मुलीची फुफी आहे, एवढंच सांगायचं होतं. पण तुम्ही सातवी शिकलेल्या, इंग्रजी येत नाही, हे कळलं तर सीट जाईल असं मनात आलं. त्यांनी विचारलं, मुलगी रागावली की काय करते? मी बी.एड.ला शिकलेलं काहीतरी सांगितलं. भाई टेबलाकडे बघत राहिला.

गाडीत तो एवढंच म्हणाला, "खलास. आता बोलू नको."

मागून माहिरा म्हणाली, "फुफी, डोन्ट टेल ममा. शी विल क्राय."

सहा वर्षांची आहे, भाभी. तुमच्यापासून लपवायला ती माझ्यामुळे शिकली.

सीट मिळाली. आज सकाळी मी त्या नव्या शाळेत फोन करून खरं सांगितलं. बाई म्हणाल्या, आई व्हिडिओ कॉलवर बोलली तरच ॲडमिशन. येत्या मंगळवारी, तुमच्याकडे दुपारी दीड वाजता. हिंदी चालेल. आई फार शिकलेली नाही, असं मी चाचरत सांगितलं. त्या म्हणाल्या, "शिकलेलीच हवी, असं आम्ही कुठे म्हटलं होतं?"

आता माझं मत विचारू नका. लायब्ररी खरंच चांगली आहे. बसला पाऊण तास लागतो, आणि ताप आला तर तुम्हाला पायी जाता येणार नाही. तुम्ही कॉल घेतला नाहीत तर सीट जाईल आणि माहिरा माझ्या शाळेत येईल. आली तर मी तिला जीव लावून शिकवीन. कॉल घेतलात तर रागावल्यावर ती काय करते ते त्यांना सांगा. मला अजून माहीत नाही.

माहिराची फुफी,
अलिना