आजोबांनी आमच्याकडे राहायला येऊ नये

अहिल्यानगर,
२९ जून २०२५

ती. आजोबांस,
मनवाचा शि. सा. न. वि. वि.

फोन लावला की तुमच्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं, म्हणून आपण पत्रं लिहायची ठरवली, यावर माझ्या मैत्रिणींचा विश्वासच बसत नाही. पोस्टात पाकीट मागितलं तर तिथल्या काकांनी विचारलं, राख्या एवढ्या लवकर पाठवतेस का.

इकडे सगळे मजेत. मी नववीत गेले आणि मराठीला आम्हाला रेश्मा बाई आल्या. त्या दर आठवड्याला निबंध लिहून घेतात आणि गाईडमधला चालत नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तीन मुलींना उभं करून एकदम वाचायला लावलं. तिघींचा निबंध शब्दाला शब्द सारखा, जणू प्रार्थनाच चालली होती! सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण घाबरत, कारण चौथी मीच होते.

म्हणून मी माझी स्वतःची पद्धत काढलीय. जो विषय मिळेल त्याची बरोबर उलटी बाजू आधी लिहायची, आणि तीसुद्धा तावातावाने. ‘वाचनाचे फायदे’ आलं की आधी दोन पानं वाचनाचे तोटे. ती रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी वाचलं की मला स्वतःचाच इतका राग येतो की खरा निबंध सरसर उतरतो. टेबलाशी बसून मात्र मला एक ओळ सुचत नाही. गच्चीवर टाकीच्या सावलीत पालथं पडावं लागतं. आई म्हणते, याला पद्धत म्हणत नाहीत, थेरं म्हणतात.

तुमच्यासाठी बाबांनी मागची खोली रिकामी केलीय. दिवाळीनंतर तुम्ही कायमचे इकडे येणार म्हणून रोज काहीतरी आणतात. काल पलंग आला. भिंतीला रंग कोणता हवा, ते कळवा असा निरोप आहे.

थोरांना नमस्कार सांगण्याइतकं थोर तिकडे तुमच्याशिवाय कोणी नाही, तेव्हा सगळे नमस्कार तुम्हीच ठेवून घ्या. लोभ असू द्यावा.

तुमची,
मनवा

&nbsp;

नेवासा,
४ जुलै २०२५

चि. मनवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. ‘आणि’मधला ‘णि’ पहिला आहे, तू तिन्ही ठिकाणी दुसरा काढलास. बाकी अक्षर सुधारलं आहे.

तुझी पद्धत वाचून मला गंमत वाटली. मी मुलांना प्रस्तावना, मध्य, समारोप असे तीन डबे देऊन ते भरायला सांगत असे. माझ्या वर्गात कोणताही विषय दिला तरी निम्मी मुलं भारत हा कृषिप्रधान देश आहे, इथूनच निघायची, अगदी ‘माझी मांजर’ दिला तरी. त्यापेक्षा तुझं बरं. मात्र उलटी बाजू लिहायची तर समोरच्याचं सर्वांत भक्कम म्हणणं उचलावं. लेचंपेचं उचलून ते पाडण्यात कसली मर्दुमकी?

इकडे प्रवरेला पाणी आलं आहे. छबूबाई सकाळी येऊन स्वयंपाक करते आणि मी किती जेवलो याची बातमी साऱ्या आळीला देते. शेजारच्या कानिफनाथाने वांगी आणून दिली. बाजारच्या दिवशी ओट्यावर अर्ज लिहून घेणाऱ्यांची रांग असते. एकाला बायकोची समजूत घालणारं पत्र हवं होतं. मी लिहून दिलं. ती परत आली, पण अक्षर नवऱ्याचं नाही हे तिने ओळखलं असं कळतं.

रंगाचं म्हणशील तर अवधूतला आवडेल तो लावू दे. पाऊस यंदा वेळेवर आहे.

तुझ्या आईबाबांना आशीर्वाद. माया आहेच, शुद्धलेखन तेवढं वाढव.

तुझा,
आजोबा

&nbsp;

अहिल्यानगर,
१३ जुलै २०२५

ती. आजोबांस,
मनवाचा शि. सा. न. वि. वि.

मी मोठ्या अडचणीत आहे. आंतरशालेय निबंध स्पर्धेसाठी बाईंनी माझं नाव दिलं. विषय आहे, ‘घरात आजी-आजोबा हवेतच’. मला वाटलं, एवढा सोपा विषय, आमचे तर येणारच आहेत. पण पद्धत म्हणजे पद्धत. म्हणून आधी उलटी बाजू लिहिली, ‘आजोबांनी आमच्याकडे राहायला येऊ नये’.

आणि आजोबा, ती इतकी चांगली झाली की मला तिचं उत्तरच सुचेना! दोन रात्री ठेवून पाहिली. राग येतच नाही.

मी लिहिलंय की आमच्या फ्लॅटला ओटा नाही. आजोबांना येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून चौकशी करायची सवय आहे, ती लिफ्टमध्ये केली तर सोसायटीत तक्रार होईल. मी लिहिलंय की आई, बाबा आणि मी सकाळी बाहेर पडलो की संध्याकाळपर्यंत घरात आजोबा आणि फ्रिज असे दोघंच उरतील, आणि फ्रिजची घरघर तर त्यांना ऐकूही येत नाही. नेवाशात बाबांना सगळे गुरुजींचा अवधूत म्हणतात, इथे आजोबांना अवधूतरावांचे वडील व्हावं लागेल. अर्ज लिहून घ्यायला इथे कोणी येणार नाही, कारण इथे सगळ्यांना स्वतःला फार लिहिता येतं असं वाटतं. आजोबा सुट्टीपुरते पुरेत, एरवी त्यांची आठवण येतेच असंही नाही, हा मुद्दा नुसता जोर यावा म्हणून घातलाय. आणि शेवटी असं की, आजोबाच इकडे आले तर सुट्टीत आम्ही जायचं कुठे?

आता महिनाअखेर मुदत आहे. पूर्ण निबंध सोबत जोडलाय. लाल पेन्सिल घ्या आणि यातला एकेक मुद्दा खोडून काढा. तुम्ही खोडलात की मी सुलटी बाजू लिहून टाकीन.

उत्तराची वाट बघतेय, एरवीपेक्षा थोडी जास्त.

तुमची,
मनवा

ता. क. खोलीला आकाशी रंग लागला. बाबांनी रविवारी स्वतः दुसरा हात मारला.

&nbsp;

कोपरगाव,
२२ जुलै २०२५

चि. मनवास,
दमयंतीआत्याचे आशीर्वाद.

फोनच करणार होते, पण तो तुझ्या आईच्या हातात असतो आणि हे तिच्या व दादाच्या कानावर जायला नको, म्हणून बँकेत जेवणाच्या सुट्टीत बसून लिहितेय.

रविवारी मी नेवाशाला गेले होते. अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, तुझा निबंध पुढ्यात घेऊन बसले होते. हातात लाल पेन्सिल, आणि कागदावर एक खूण नाही. मी वांग्याचं भरीत नेलं होतं, त्याचं कौतुक नाही, मला तुझ्या चुका काढून दाखवणं नाही. काय झालं विचारलं तर म्हणाले, काही नाही, मनवाचा अभ्यास चाललाय. मग छबूबाईने मला आत बोलावून सांगितलं की पोरीचं पाकीट आल्यापासनं गुर्जी लई गप हायत, मला वाचून दाखवलं, कानिफनाथाला वाचून दाखवलं, आन् मंग कितीतरी येळ चष्माच पुसत बसले.

ते झोपल्यावर मी वाचला. अगं, तुझी ती पद्धतबिद्धत मला कळते. पण एकटं राहणाऱ्या माणसाला ‘तुम्ही येऊ नका’ असं चार पानं भरून लिहून पाठवायचं, आणि वर त्यांनाच उत्तर मागायचं? आठवणही येत नाही म्हणे! दादा त्यांच्यासाठी खोली रंगवतोय आणि तू दार लावून घेतेस असंच वाटलं असणार त्यांना.

दादाला मी काही बोललेले नाही. उलट टपाली माफीचं पत्र टाक. राखीला येईन तेव्हा तुझा कान धरीन आणि मग चकल्याही देईन, त्याच क्रमाने.

रागावले तरी तुझीच,
आत्या

&nbsp;

नेवासा,
२७ जुलै २०२५

चि. मनवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं माफीचं कार्ड आलं. ‘क्षमस्व’ तीनदा लिहिलंस आणि तिन्ही वेळा निरनिराळं. माफी नामंजूर, कारण गुन्हाच घडलेला नाही. दमयंती शाळेपासून अशीच, अर्धा प्रश्न वाचून उत्तर लिहायला घेते. पण ती माझ्यासाठी भांडली, म्हणून तिच्यावर रागावू नकोस.

मी गप्प होतो हे खरं. तू खोडायला सांगितलंस म्हणून रोज दुपारी बसत होतो. एकेक मुद्दा वाचायचा आणि त्याच्यापुढे बरोबरची खूण करावीशी वाटायची. हे सगळं मलाच कोणाला तरी सांगायचं होतं गं. ते मी सांगू शकलो नाही आणि तू गच्चीवर पालथी पडून लिहून मोकळी झालीस. चष्मा पुसला तो त्यापायी.

शिमग्याच्या सुमारास मी न्हाणीत घसरलो. छबूबाई येईपर्यंत उठता आलं नाही. अवधूत आला तेव्हा दवाखान्यात माझ्या पायांशी बसून राहिला. मुलाचा तसा चेहरा मी पूर्वी पाहिला नव्हता. त्याने म्हटलं की आता तुम्ही एकटं राहायचं नाही, आणि त्या चेहऱ्याला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. पुढे तो पलंग विचारतो, रंग विचारतो, मी हो म्हणतो.

आता तुझ्या निबंधाचं. त्यात दोन दोष आहेत. त्या न्हाणीचा तू उल्लेखच केला नाहीस. तुझ्या बाबांची भीती हे समोरच्याचं सर्वांत भक्कम म्हणणं, तेच तू टाळलंस. दुसरा दोष, ‘आठवण येतेच असंही नाही’ हे वाक्य. तिथे मात्र मी लाल रेघ ओढली आहे आणि समासात ‘असत्य’ असं लिहिलं आहे.

पहिल्या दोषावर मी उपाय काढला. न्हाणीत भिंतीला धरायला दांडी बसवून घेतो. रात्री पुढच्या खोलीत कानिफनाथ झोपायला येईल. त्याचं म्हणणं असं की, आमच्या घरात टीव्हीचा लई कालवा हाय, मला झोप न्हाई आन् तुमाला काय ऐकू येत न्हाई, तवा आपली जोडी झ्याक जमंल. कडाक्याच्या थंडीत महिना-दोन महिने मी तुमच्या आकाशी खोलीत राहीन. बाकीचं वर्ष इथेच. अवधूतला वेगळं पत्र लिहिलं आहे. लिहायला चार दिवस लागले. तू मध्ये पडू नकोस, तुझा निबंध लिही.

तुझा,
आजोबा

&nbsp;

अहिल्यानगर,
१७ ऑगस्ट २०२५

ती. आजोबांस,
मनवाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत म्हणून मी मध्ये पडले नाही, पण काठावरून सगळं पाहिलंय.

तुमचं पत्र बाबांनी दारातच, एक बूट काढून, उभ्याने वाचलं. दुसरा बूट तसाच पायात. जेवण उरकलं. मग माझ्याकडे निबंध मागितला. मी कच्ची प्रत दिली आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिले. फ्रिजच्या ओळीपाशी ते हसले. न्हाणीचा मुद्दा कसा नाही, हे त्यांनीही विचारलं! पण शेवटची ओळ वाचल्यावर कागद घेऊन मागच्या खोलीत गेले आणि नव्या पलंगावर कितीतरी वेळ बसून राहिले. मला रडू यायला लागलं. आई म्हणाली, बसू दे त्यांना, ते रागावलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी निबंधाची मुदत होती. मी उलटीही पाठवली नाही आणि सुलटीही नाही. आजी-आजोबा घरात हवेतच, पण घर कोणतं ते आधी त्यांना विचारावं, असं काहीतरी लिहिलं. न्हाणी घातली. बाबांचा चेहराही घातला, म्हणजे तुम्ही सांगितलात तेवढा. परवा झेंडावंदनाला निकाल लागला. मला काहीच मिळालं नाही! परीक्षकांचा शेरा आहे की विद्यार्थिनीने ‘हवेतच’मधल्या ‘च’ला न्याय दिलेला नाही. पहिला आलेला निबंध ‘आजी-आजोबा म्हणजे घराचा वटवृक्ष’ असा सुरू होतो. आमच्या फ्लॅटमध्ये वटवृक्ष कुठे लावायचा, ते त्यात नाही. पण रेश्मा बाईंनी माझा वर्गात वाचला आणि मुलं इतकी भांडली की तास संपल्याची घंटा कोणालाच ऐकू आली नाही.

आत्याने राखीला आधी चकल्या दिल्या आणि कान धरायचं विसरली. बाबांना तिने काय सांगितलं कोण जाणे, दोघं बहीणभाऊ बराच वेळ खाली गाडीपाशी बोलत होते.

बाबा इतके दिवस तुम्हाला काहीच लिहीत नव्हते. काल मात्र त्यांनी मला विचारलं की पत्राची सुरुवात कशी करतात. मी सांगितली. पुढचं त्यांनी मला बघू दिलं नाही.

काळजी घ्या, आणि ‘आणि’ मोजून बघा. सगळे पहिले आहेत.

तुमची,
मनवा

&nbsp;

अहिल्यानगर,
१८ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप अण्णांस,
अवधूतचा शि. सा. न. वि. वि.

मी तुम्हाला पत्र लिहिण्याची ही पहिलीच वेळ. कंपनीत दिवसभर लिहितो, पण ते वेगळं.

तुमचं पत्र बऱ्याच वेळा वाचलं. आधी राग आला. एवढं सगळं मनात होतं तर पलंग आणायच्या आधी का बोलला नाहीत, असं वाटलं. मग आठवलं की मी तुम्हाला रंग विचारला, पलंग विचारला, पण यायचं का, हे विचारलंच नव्हतं.

अण्णा, मी तुमच्यासाठी करतोय असं सगळ्यांना सांगत होतो. खरं म्हणजे शिमग्यापासून छबूबाईचं नाव फोनवर दिसलं की मी हातातलं काम टाकून जिन्यात धावतो. तुम्ही भिंतीपलीकडे झोपला असतात तर मला झोप लागली असती. ती भीती काही जाणार नाही. पण ती माझी आहे, तिच्यासाठी तुमचा ओटा सोडायला लावणं बरोबर नाही.

थंडीतलं नक्की धरतो. कानिफनाथकाकांशी बोललो. दांडी पक्की बसली म्हणाले, स्वतः लोंबकळून पाहिलं.

मी येतो तो औषधं द्यायला, बिल भरायला, आणि चहा अर्धा टाकून निघतो, हेही लक्षात आलं. या शनिवारी मुक्कामाला येतोय. काम काही नाही.

तुमचा,
अवधूत