अंगठ्याने वाचलेली चांदी

३ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचा! खोली झकास आहे. पूर्वेला खिडकी, लिहायला लांबलचक टेबल, आणि कूस बदलली तरी न कुरकुरणारा पलंग. स्वयंपाकाच्या मावशींनी आल्या आल्या चहा दिला आणि मी साखर किती घेतो ते कायमचं विचारून ठेवलं. म्हणजे इथे माणसाची कदर आहे. माझा स्वभाव संशयी खरा, पण अजून तरी खोड काढायला काही सापडलेलं नाही.

मालक सत्तरीच्या पुढचे, काठी टेकत चालणारे, बोलायला गोड. दुपारी तासभर समोरासमोर बसलो होतो आणि आता लिहायला घेतलं तर त्यांचं नाक कसं होतं तेही आठवेना. प्रवासाचा शीण असेल.

त्यांच्याकडे ब्याण्णव रोमन नाणी आहेत. सगळी चांदीची, सगळी फौजेची. दोन हजार वर्षांपूर्वी एका सेनापतीने लढाईच्या तोंडावर सैनिकांच्या पगारासाठी घाईघाईत पाडलेली. एका बाजूला वल्ह्यांचं जहाज, दुसऱ्या बाजूला दोन निशाणांमध्ये गरुड, आणि खाली पलटणीचा आकडा. चांदीत तांबं मिसळलेलं, म्हणून कुणी ती वितळवली नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या हातोहात फिरून पार गुळगुळीत झालीत. मी प्रत्येकाचं वजन करायचं, पलटणीचा आकडा ओळखायचा आणि खाली चिठ्ठी ठेवायची. आमची लेक चिमणी अठ्ठावीस तारखेला चार वर्षांची होते. त्याआधी घरी येतो म्हणून बायकोला शब्द दिलाय आणि चिमणीला चित्र काढून.

५ मार्च

इतकं झिजलेलं नाणं कॅमेऱ्याला दिसत नाही. आमच्या धंद्यातले जुने लोक ते अंगठ्याने वाचतात. नाणं मुठीत धरून चांगलं गरम करायचं, मग डोळे मिटून अंगठा फिरवायचा. पुसलेला आकडा कातडीला कळतो. हातमोजे घालून हे जमत नाही. हल्ली हे येणारे आम्ही चारदोनच उरलोय आणि त्याचा मला गर्व आहे, लपवत नाही. मालकांनी तर माझी पदवी विचारलीच नव्हती. अंगठ्याने वाचता येतं का, एवढंच विचारलं होतं.

आज अकरा वाचली. मालक शेजारी बसून होते. मला वाटलं, नाण्यांकडे कमी आणि माझ्याकडेच जास्त बघतायत. संध्याकाळी सगळा ट्रे उचलून आपल्या खोलीत घेऊन गेले.

८ मार्च

पाणी कुठेतरी मुरतंय. सातव्या पलटणीचं नाणं काल सकाळी ३.११ ग्रॅम होतं. मी हाताळल्यावर संध्याकाळी ३.१४. हाताचं तेल लागलं म्हणावं तर स्पिरिटने पुसलं तरी तेवढंच. आणि आज सकाळी ट्रे परत आला तेव्हा पुन्हा ३.११. वजनकाटा तीनदा तपासला. बाकीच्या नाण्यांचंही तेच.

रात्रीतून कुणी खरवडतंय म्हणावं, तर दिवसा वाढतं कुठून?

११ मार्च

फोटो काढून ठेवले. संध्याकाळच्या फोटोत जहाजाची वल्ही मोजता येतात. सकाळच्या फोटोत तेच जहाज वापरलेल्या साबणाच्या वडीसारखं. म्हणजे नाणी बदलली जातायत? पण कडेची चीर तीच, डाग तोच.

मालकांना आडून विचारलं. म्हणाले की ते काहीच करत नाहीत, नुसते एकेक नाणं मुठीत घेऊन बसतात, जुनी सवय आहे. मावशींना विचारलं तर त्यांनी कानांवर हात ठेवले. एवढंच म्हणाल्या की साहेब हल्ली टवटवीत दिसतात, काठी आठवडाभर कोपऱ्यात पडून आहे. ते मलाही दिसलंय. आज जिन्यात ते माझ्या पुढे गेले, दोन-दोन पायऱ्या टाकत.

१४ मार्च

सकाळपासून मोबाइल माझं बोट ओळखत नाही. आधी मोबाइलला शिव्या घातल्या. मग अंगठा भिंगाखाली धरला.

रेषा नाहीत. एकही नाही. दहाही बोटांवर नुसती गुळगुळीत कातडी.

काम सोडून जावं असं फार वाटलं. पण सव्वीस नाणी राहिलीत, आणि अर्धवट काम टाकून आजवर कधी गेलो नाही. उद्यापासून मोजे घालीन. वाचता आलं तर आलं.

१६ मार्च

मोज्यांतून काही कळेना. मालक हसत म्हणाले की अंगठ्याने वाचता येतं म्हणून तर तुम्हाला बोलावलं. मला चीड आली. मोजे काढले. मूर्खासारखे काढले, आणि बारा नाणी वाचली.

संध्याकाळी बायकोला व्हिडिओ कॉल लावला. चिमणी धावत आली, पडद्यासमोर थांबली आणि आईच्या मागे लपली.

“आई, हे काका कोण?”

बायको हसली, तिथे उजेड कमी आहे म्हणाली. पण हसता हसता तीही पडद्याकडे निरखून बघत राहिली, आणि भाजी लागतेय म्हणून लवकर फोन ठेवला. माझी लेक मला काका म्हणाली.

आरशात पाहिलं. हनुवटीवरचा तीळ नाही. भुवया विरळ. नाक — नाक आहे, पण कुणाचंही असावं तसं.

१७ मार्च

मालक चहाला आले. हनुवटीवर तीळ.

माझा तीळ आहे तो. जन्मभर दाढी करताना चुकवलाय. मला कसा ओळखू येणार नाही —

उद्या पहाटे निघतो. काम गेलं खड्ड्यात.

१८ मार्च

बॅग नाही. जाकीट नाही. मोबाइलही नाही. फाटकाशी वॉचमनने अडवलं, पण अदबीने. म्हणाला, साहेब, तुम्हाला डॉक्टरांनी बाहेर पडायला बंदी केलीय, नाणीवाले जाताना बजावून गेलेत. सहाच्या गाडीने गेले ते, सुट्टीवर.

नाणीवाला मी आहे, असं मी ओरडलो. वॉचमन मावशींकडे बघून हळूच म्हणाला, आज जास्तच झालंय. मावशींनी मला काठी आणून दिली.

आणि मला ती लागली. जिन्यात लागली.

मावशींच्या डोळ्यांत दया होती. त्यांना खरंच काही माहीत नाही.

१९ मार्च

पत्ता त्याला माझ्या पाकिटात मिळाला असणार. काल संध्याकाळीच पोचला असणार. बायको दार उघडेल — का नाही उघडणार —

दिवाणखान्यात जुना फोन आहे. मावशी बाजारात गेल्या की.

लागला. बायकोनेच घेतला. मी बोलतोय, मी, असं तीनदा सांगितलं. तिला आवाज ओळखता येईना. म्हणाली, आजोबा, कोण हवंय तुम्हाला? मग म्हणाली, अच्छा, तुम्हीच मालक ना, हे म्हणाले होते तुमचा फोन येईल, तब्येत बरी नसते. फार सांभाळून बोलत होती. परक्या म्हाताऱ्याशी बोलावं तशी.

फोन कानाशी धरूनच लिहितोय. आवाज बसत चाललाय, शब्द निघत नाहीत. लिहिता येतंय तोवर —

म्हणते, हे कामाला बाहेर पडलेत, संध्याकाळी येतील. मला काळजी करू नका म्हणते.

मी चिमणीचं विचारलं. नुसतं नाव निघालं तोंडातून.

म्हणते, आजोबा, तुमचे आभार मानायचेच राहिले. तुम्ही तिला चांदीचं नाणं पाठवलंत. वेडी झालीय त्याच्यासाठी. सकाळपासून मुठीत घट्ट धरून बसलीय, जेवतानाही सोडलं नाही. बाबांनी सांगितलंय म्हणते, मी येईपर्यंत मूठ उघडायची नाही —

उघड. तिला उघडायला सांग. ऐकू जात नाही तिला. हॅलो म्हणतेय. हॅलो, हॅलो म्हणतेय आणि मी —

चिमणी, मूठ उघड बाळा, टाक ते, चिम