अर्बनची भिंत

सोमवार, २२ एप्रिल १९६८

आज पुन्हा वॉर्ड ऑफिस. चौथा अर्ज. शेजारच्या अर्बनच्या बंद घराच्या आवाराची भिंत आमच्या अंगणात वाकली आहे; तिच्या पलीकडे रस्ता. दिवाळीला एक वीत होती, आता दीड वीत. मी दोन वासे टेकू लावलेत, पण टेकू म्हणजे काय औषध नव्हे. अर्बन नोकरीला बाहरीनला, घराला सात वर्षं कुलूप, पत्रांना उत्तर नाही.

इन्स्पेक्टर दशरथसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "मिस्तरी, भिंत त्यांची, जागा त्यांची. तुम्हाला काय त्रास?"

म्हटलं, साहेब, पडणार आमच्यावर ना.

माणूस वाईट नाही. फक्त खुर्चीवरून उठत नाही.

बुधवार, २४ एप्रिल

उठले! स्वतः आले. भिंतीला ओळंबा लावला — माझाच, त्यांच्याकडे नव्हता. जीभ टाळ्याला लावून च्‌ च्‌ केलं आणि अर्बनच्या दारावर नोटीस डकवली. पंधरा दिवसांत मालकाने भिंत उतरवावी, नाहीतर आम्ही उतरवू, खर्च मालकाकडून वसूल करू.

"मालक बाहरीनला. वाचणार कसा?"

"कायद्याला दार पुरतं, मिस्तरी. माणूस लागत नाही."

वाक्य आवडलं. म्हणून इथे लिहून ठेवलं.

शनिवार, २७ एप्रिल

समोरच्या रीटाच्या शेळीने नोटीस खाल्ली. सही तेवढी राहिली.

गुरुवार, २ मे

ल्युसीने मसाल्याच्या मिरच्या वाळत घातल्या. कुठे? बरोबर भिंतीखाली. म्हणे ऊन तिथेच. पाट, उखळ, सगळं तिथेच मांडलंय.

म्हटलं, जागा बदल.

"माझ्या सासूने इथेच मसाला कांडला. तू भिंत सरळ कर, मी सरकत नाही."

भिंत सरळ करणं सुताराचं काम नाही, हे सत्तावीस वर्षांच्या संसारात या बाईला पटलेलं नाही.

शुक्रवार, १० मे

काल मुदत संपली. आज मुकादम धोंडू सहा माणसं आणि पहारी घेऊन आला. मी चहा सांगितला. तो रस्त्याच्या अंगाने भिंत बघून आला आणि चहा न घेताच म्हणाला, "शेट, तिकडून क्रूस हाय."

"मग?"

"मग काय? देवाच्या अंगावर आपण पहार नाय घालणार."

माणसांनी विड्या पेटवल्या. दशरथसाहेबांना बोलावून आणलं. त्यांनी क्रूस पाहिला, झेंडूची माळ पाहिली, मेणाचे ओघळ पाहिले.

"हे अर्जात लिहिलं नाहीत, मिस्तरी. पडक्या भिंतीसाठी माझ्याकडे कायदा आहे. देवाच्या भिंतीसाठी नाही. लोकांना राजी करा, मग मी आहेच."

गेले सगळे. चहा मीच प्यालो. सहा कप.

आता या कागदाला सांगतो, बाकी कोणाला नाही. तो क्रूस मी लावला. बासष्ट साली. लोक त्या भिंतीवर मुतायचे, घाण टाकायचे, वास आमच्या जेवणात. तेव्हा मी गोरेगावच्या स्टुडिओत सिनेमासाठी चर्चचा सेट ठोकत होतो. शूटिंग संपलं, सेट मोडला, वरचा क्रूस भंगारात पडलेला. उचलून आणला. रविवारी सगळा गाव मिस्साला गेला असताना चार खिळ्यांनी ठोकला. आठ दिवसांत भिंत स्वच्छ! स्वतःच्या अकलेवर किती खूश होतो मी.

महिन्याने गल्लीतल्या मोनिकाबाईने पहिली मेणबत्ती लावली. आता ती सांगते, प्लेगच्या साथीत गावाने उभारलेला, मग हरवलेला क्रूस आपण होऊन परत आला. दर मे महिन्यात तिथे लदीन होते. गाणी, प्रार्थना, शेवटी उकडलेले चणे. सहा वर्षं मीही खातोय.

रविवार, १२ मे

लदीन संपली. चणे वाटायच्या आत उभा राहिलो आणि सांगून टाकलं. क्रूस सिनेमातला आहे, मीच ठोकलाय, भिंत पडायच्या आत काढू द्या, चांगल्या जागी लावू.

मोनिकाबाई म्हणाली, "भिंत पाडायला आणखी किती खोटं बोलशील, क्लेमेंट?"

मागून कोणीतरी — "अर्बनची जागा पाहिजे असेल."

धंद्यात तीस वर्षं थापा मारल्या, सगळ्यांनी मान डोलावली. एकदा खरं बोललो, तर ही वाट लागली.

ल्युसी माझ्या पुढे चालत घरी आली. दारात म्हणाली, "क्रूसासमोर उभं राहून खोटं? लाज नाही वाटली?" तिलाही पटलं नाही. तिला!

सोमवार, १३ मे

सकाळी हातोडी घेऊन गेलो. आपणच काढावा, मग बोंबलू देत. मोनिकाबाई क्रूसाखाली खुर्ची टाकून बसलेली. गुडघे दुखतात म्हणते. पण उठत नाही. इन्स्पेक्टरची बहीण शोभेल.

भिंत पावणेदोन वीत.

मंगळवार, १४ मे

ल्युसी पाटावर. कांडतेय. प्रत्येक घावाला भिंतीवरून माती झरते. सांगितलं. माझ्याशी बोलत नाही ती.

गुरुवार, १६ मे

भिंत पडली. भर दुपारी, माझ्या वाशांसकट, आमच्या अंगणात. पाटावर, उखळावर, मिरच्यांवर. पाटाचे तुकडे मी हाताने उपसले.

ल्युसी तिथे नव्हती. रस्त्यावर होती, मोनिकाबाईजवळ. खोटं बोलणाऱ्या नवऱ्यासाठी क्रूसापुढे मेणबत्ती लावायला गेली होती.

क्रूस मातीत सापडला. मोनिकाबाई म्हणाली, "आता सांग, सिनेमातला आहे?"

उलटा करून पाहिला. चारही खिळे माझेच.