नऊ इंच

१२ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. मी मजेत आहे. अक्षर बघून हसू नकोस. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे आणि डाव्याला कधी शाळेत घातलं नव्हतं.

काल दवाखान्यातून आले ती थेट परसात, मधमाश्यांकडे. बघते तर काय, पेट्या बुटक्या झालेल्या! स्टँडचे चारही पाय नऊ-नऊ इंच कापलेले. शेजारीण म्हणाली, "मीच फोन केला तुमच्या भावाला. तिन्हीसांजेला आला, माश्या आत शिरल्यावर." जागा मात्र तसूभर हलवली नाहीस. पेटी थोडी जरी सरकली तरी बाहेरून आलेल्या माश्या जुन्या जागी घिरट्या घालत बसतात, हे बरं लक्षात ठेवलंस.

तू पहिल्यापासून सांगत होतास, "ताई, रिकाम्या पेटीवरून उंची ठरवू नकोस. वर दोन मधकोठ्या चढल्या की हनुवटीला लागतील." मी ऐकते होय! भरलेली कोठी, म्हणजे तो मधाचा जड वरचा खण, हनुवटीपाशी उचलायला गेले आणि कोठीसकट आडवी झाले.

खरं सांगू? तेव्हाही मला पटलं होतं. पण तुझे भाऊजी ताडमाड उंच, त्यात कंबरेनं बेजार. त्यांना वाकायला लागू नये म्हणून मी हट्ट धरला. पण त्यावरून एकही कोठी उतरवायच्या आधीच ते गेले. ते गेल्यावर तू करवत घेऊन आलास, तर मी तुला नाही नाही ते बोलले. या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस म्हणाले. दोन वर्षं झाली. त्या पायांना करवत लागली तर ते पुन्हा एकदा जातील, असं वाटायचं रे. चुकलंच माझं.

आणि ते कापलेले तुकडे! मागच्या ओट्यावर ओळीनं मांडलेले, भोकं पाडून, स्क्रूसकट. वर चिठ्ठी, "वाटलं तर परत जोडता येतील." तिथेच बसून रडले. किती सांभाळलंस मला. नाही जोडायचे आता. कोठी बरोबर माझ्या छातीशी येते, तशीच राहू दे.

डॉक्टर म्हणतात, सहा आठवडे काही उचलायचं नाही. इकडे कोठ्या भरल्यात, उतरवायला माणूस हवंय. मी घरी नसताना आलास. आता मी असताना ये.

तुझी भांडखोर,
दाराकडे डोळे लावून बसलेली
ताई