रिकाम्या खुर्चीची छायाचित्रे

दि. ३ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. माझ्यासाठी वरची खोली रंगवून घेतलीस, त्याबद्दल तुम्हा उभयतांचा ऋणी आहे. महिनाअखेरीस हे घर मोकळे करून देण्याचा शब्द मी घरमालकांना दिला होता. तो मागे घ्यावा, असे आता मनात आहे. कारण सांगतो. हसू नकोस.

तुझी ताई गेल्यापासून तिचा कॅमेरा मी वापरतो, तोही तिच्याच रीतीने. एकाच वस्तूचे पुष्कळ फोटो, दर वेळी कॅमेरा किंचित सरकवून घ्यायचे आणि मग संगणकावर ते पारदर्शक थरांसारखे एकमेकांवर ठेवायचे. कडा थरथरतात, रंग एकमेकांत उतरतात, पाण्यातून पाहावे तसे चित्र तयार होते. मी तिची खुर्ची निवडली. काचेच्या मोठ्या दारापाशी ती संध्याकाळी बसत असे, ती. सुटा फोटो पाहिला, तर खुर्ची रिकामी असते. सारे थर एकत्र करून उजेड थोडा दाबला, की खुर्चीत कोणीतरी बसलेले दिसते. मान डावीकडे कललेली.

प्रत सोबत जोडली आहे. तू तिची सख्खी बहीण. तुझ्याखेरीज कोणाला विचारणार?

उत्तरास वेळ लागला तरी चालेल, मात्र ते खरे असावे.

तुझे,
भाऊजी

दि. ९ नोव्हेंबर

ती. स्व. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

हसले नाही. म्हणजे आधी हसले, मग फोटो पाहिला. ताईच्या फोटोंना जन्मभर ‘हलले आहेत’ म्हणून नाक मुरडणारे तुम्ही, आणि आता स्वतःच हलवत बसलाय! ती असती तर तुम्हाला पळता भुई थोडी केली असती.

फोटो फार वेळ हातात धरवला नाही, हे खरं. फळीवर पालथा ठेवला, आणि भाजी चिरता चिरता पुन्हा सुलटा केला. चेहरा कुठेच नाही, पण ती मान ओळखीची वाटते. अगदी घरातली. याहून जास्त मला सांगता येत नाही आणि सांगायचंही नाही. तुमच्या शेजारणीचा फोन होता, बेल वाजवली तरी दार उघडत नाहीत म्हणाली. जेवताय का नीट, की चहावरच भागवताय? खोलीचा रंग वाळलाय. यायचं ठरलंय ते ठरलंय.

रागावलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची,
धाकटी

दि. १४ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

जेवतो. काळजी नसावी.

ती आता रोज येते. कोपऱ्यातील दिवा लावला, तरच येते. अंधारात कधीही आलेली नाही. तिला अंधाराचे भय वाटे, हे तुला ठाऊक आहेच. चेहरा उजळविण्याचा यत्न केला, परंतु उजळविताच ती विरते. त्यामुळे तो नाद सोडला. नवी प्रत मोठी काढून पाठवीत आहे.

घरमालकांना कळविले, की घर सोडता येणार नाही, कारण घरात दोन माणसे राहतात. त्यांनी माझ्या प्रकृतीची चौकशी केली. सज्जन गृहस्थ आहेत.

तुझ्या मनात माझ्याविषयी जे काही असेल, त्यात थोडी आपुलकी शिल्लक असू दे.

तुझे,
भाऊजी

दि. १९ नोव्हेंबर

ती. स्व. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र दोनदा फाडलं. आता लिहूनच टाकते.

मोठा फोटो आमच्या ह्यांना दाखवला. चष्म्याच्या दुकानात जन्म गेलेला माणूस, लगेच भिंग घेऊन बसले. मग विचारतात, तुझ्या ताईला पाय किती होते? खुर्चीच्या पायांमागे तीन बारीक पाय आहेत. तुमच्या कॅमेऱ्याच्या स्टँडचे. ह्यांचं म्हणणं, दिवा लावला की दाराच्या काचेत तुमचंच प्रतिबिंब पडतं. एका फोटोत ते इतकं पुसट असतं की दिसतच नाही. थरावर थर चढले की माणूस तयार होतो. काचेत तुम्ही लांबचे दिसता, म्हणून खुर्चीत मावता. हे सांगताना हसले, तेव्हा मी त्यांना दटावलं.

नंतर एकटीनं पाहिला. भाऊजी, ताई मान कलवून कधी बसलीच नाही. आईच्या धाकात वाढलेली, छडीसारखी ताठ बसायची. कलायची ती तुमची मान. ती बोलायची हळू, चालायची तुमच्या डाव्या हाताला, आणि तुम्ही ताडमाड. तिचं ऐकायला सदा त्या बाजूला वाकलेले. आम्ही बहिणी मागून तुम्हाला वाकडा खांब म्हणायचो. तिला माहीत होतं, तुम्हाला सांगितलं नसेल.

मलाही त्या फोटोत तीच हवी होती.

या आता. वाट बघतेय.

धाकटी

दि. २५ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुमचे म्हणणे पडताळून पाहिले. कॅमेऱ्यामागे काळे कापड टांगले आणि त्याआड उभा राहिलो. थर पूर्वीइतकेच ठेवले. खुर्ची रिकामी आली. तुझ्या यजमानांना सांग, की त्यांचे निरीक्षण बिनचूक आहे. घरमालकांनाही कळविले, त्यांना हायसे वाटलेले दिसले. सामान शनिवारी निघेल, त्यामागोमाग मी.

मात्र एक गोष्ट राहते. कॅमेऱ्याचा स्टँड मी माझ्या उंचीचा केलेला आहे. त्यामागे वाकण्याचे काहीच कारण नव्हते. म्हणून काल कॅमेरा बाजूस ठेवून नुसताच काचेपुढे उभा राहिलो, ताठ राहावयाचे असे ठरवून. बाहेर अंधारले, तसा काचेत मी उमटू लागलो. कललेला होतो. मान सरळ केली. थोड्या वेळाने पाहिले, तर पुन्हा कललेलाच. मनुष्य उगाच वाकत नाही.

तेव्हा वरच्या खोलीतील पलंग डाव्या बाजूने भिंतीला लावला असशील, तर ओढून घे. त्या बाजूला एका माणसास उभे राहता येईल इतकी जागा असावी.

आजवर आम्हां दोघांवर जसा लोभ ठेवलात, तसाच यापुढेही दोघांवर ठेवावा.

तुझे,
भाऊजी